फोनमधले बाबा

"आणि उद्या तुम्ही नसलात, तर लोकांनी विचारायचं कुणाला?"

परीक्षितनं हा प्रश्न निंबाजीबाबांच्या तोंडासमोर बसून विचारला. जिवंत माणसाला असं विचारतात का कधी? पण या पोराच्या जिभेला हाड नाही. पुण्यात कंप्युटरचं मोठं काम करायचा, ते सोडून आमच्या बोरखिंडीच्या मठात आला, त्याला तीन वर्षं झाली. हुशार आहे, त्यात वाद नाही. पण ते त्याला स्वतःलाही ठाऊक आहे, तिथंच घोडं पेंड खातं.

बाबा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. मी चुलीपाशी भाकरी थापत होते.

"विचारतील कुणालातरी," बाबा म्हणाले.

"कुणालातरी कशाला? तुम्हालाच विचारतील."

त्यानं खिशातून फोन काढला, बाबांसमोर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

"बोल बाळा. काय विचारायचंय?"

अगं बाई! बाबांचा आवाज. तोच घोगरा, 'बाळा' म्हणताना तसाच खाली उतरणारा. आणि समोर बाबांचं तोंड तर मिटलेलं! माझ्या हातातली भाकरी विस्तवात पडली.

बाबांनी मानसुद्धा वर केली नाही. एक शेंग उचलली, सोलली, दाणे टोपलीत टाकले.

केवढं हे वैराग्य, मला वाटलं.

"तीन वर्षं मी सगळं रेकॉर्ड करत होतो," परीक्षित सांगायला लागला. "लोकांचे प्रश्न, तुमची उत्तरं. ते सगळं याला शिकवलं. आता हा तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखीच उत्तरं देतो. डोंगर चढायला नको, रांग नको, आडाचं पाणी नको."

आडाचं पाणी ही आमच्या मठाची रीत. ज्याला काही विचारायचंय त्यानं आधी आडातून कळशीभर पाणी काढायचं, बाबांच्या ओंजळीवर घालायचं, आणि मग विचारायचं. पाटील असो की मजूर. परीक्षितनं कधी घातलं नाही. त्याला विचारायचं असं काही नव्हतंच.

"बाबांना विचारलं होतंस का हे करताना?" मी म्हणाले.

"अक्का, सरप्राइज होतं."

"कधीपासून चाललंय हे सरप्राइज?"

"दिवाळीपासून. कुठून कुठून लोक विचारतात! कुणी विचारलं की माझ्या फोनवर टिंग वाजतं. आज तर इथंच एकीनं विचारलं. रांगेत पुढं म्हातारी माणसं होती, तिला दुपारची एसटी गाठायची होती. मी फोन हातात दिला. झालं, मोकळी!"

त्यानं आवाराच्या कडेला बोट दाखवलं. एसटीची वेळ टळत आली, तरी करंजी गावची सारिका पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसली होती. रांग केव्हाच पांगली होती. आईबाप नसलेली पोर. नवऱ्याचं घर सोडून भावाकडं आली होती, आणि भावानं सांगितलं होतं, बाबा म्हणतील ते करू.

"काय विचारलं तिनं?"

"सासरी परत जाऊ का म्हणून. बाबांनी सांगितलं, जा."

"कुठल्या बाबांनी रे?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

बाबा त्याच्या बोटाच्या दिशेनं बघत होते.

"हिनं पाणी घातलं नाही," ते म्हणाले.

"आता गरज नाही बाबा. तिला उत्तर मिळालं."

बाबा उठले. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"पोरी, पाणी घाल."

सारिका चपापली. तिनं परीक्षितकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पिशवी ठेवून आडापाशी गेली. उजवा हात पदराखालून काढेचना. डाव्या हातानंच कळशी आत सोडली. एका हातानं रहाटाचा दोर ओढायचा, दातात धरायचा, पुन्हा ओढायचा. मला बघवेना. "अगं, दोन्ही हात लाव की," मी ओरडले.

तिनं उजवा हात काढला. दोर ताणला गेला, तशी ती कळवळली. दोर सुटला. कळशी दोरासकट धाडकन आडात गेली, आणि पदर खांद्यावरून खाली आला.

देवा रे...

मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चटके. सांडशीच्या तोंडाचे. एकाखाली एक, ओळीनं. काही काळे पडलेले, काही अजून ओले.

परीक्षित तर जागच्या जागी थिजला.

"अक्का," बाबा म्हणाले, "हिची पिशवी आत ने. अंथरूण तुझ्याशेजारी घाल." आणि तिला म्हणाले, "नाही जायचं."

तिनं नुसतं वाकून त्यांचे पाय धरले. मी तिला पायरीवर बसवलं, जखमा धुतल्या, पेटीतलं मलम लावलं.

"अगं, त्या फोनला हे का सांगितलं नाहीस?"

"आवाज बाबांचा होता, अक्का. मला वाटलं, बाबांना कळलंच असेल."

परीक्षितनं ते ऐकलं. पण हुशार माणूस, लगेच कसा गप्प बसेल?

तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, पण हे उत्तर तुमचंच आहे. गायकवाडांच्या थोरलीनं गेल्या वर्षी संक्रांतीला हेच विचारलं होतं. शब्द न् शब्द हाच. तुम्ही म्हणालात, जा बाळा, आपलं घर ते आपलं घर. ऐका."

त्यानं ते लावलं. आधी थोरलीचा आवाज, मग बाबांचा. खरंच तोच प्रश्न होता.

बाबा फोनकडं बघतच नव्हते. परीक्षितच्या तोंडाकडं बघत होते.

"गायकवाडांची थोरली?" ते म्हणाले. "तिनं कळशी एका हिसक्यात वर काढली. पाणी भसकन ओतलं, माझं धोतर भिजवलं, आणि खुदकन हसली. रुसून आली होती पोरगी. तिला काय झालं होतं?"

"पण प्रश्न तोच होता ना!"

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही ऐकला होतात!"

बाबा खाली बसले. सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागले.

"मला ऐकू येत नाही रे."

...

परीक्षित माझ्याकडं बघायला लागला, मी परीक्षितकडं. मग तो हळूच बाबांच्या पाठीमागं गेला, आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "बाबा!"

चिंचेवरचे कावळे उडाले. सारिका दचकून उभी राहिली.

बाबा शेंगा वेचत होते.

मागून हाका मारल्या की बाबा ओ देत नाहीत, हे मी इतकी वर्षं बघतेय, आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगतेय की बाबा ध्यानात असतात! घ्या!

परीक्षित पुन्हा समोर आला. गुडघ्यांवर बसला.

"कधीपासून?"

"तू आलास त्याच्या आधीपासून."

"मग आमचं बोलणं?"

"तू तोंड वर करून बोलतोस. ओठ दिसतात. कळतं."

"आणि लोकांचे प्रश्न?"

"लोक विचारताना मान खाली घालतात. मला काय दिसणार?"

"म्हणजे तीन वर्षं मी जे रेकॉर्ड केलं..." त्यानं फोन वर धरला. "त्यातला एकही प्रश्न तुम्ही ऐकला नव्हता?"

बाबांनी मान हलवली. नाही.

तेवढ्यात त्याच्या हातात टिंग वाजलं.

आम्ही तिघं गारठलो. फोनमधून कुणा बाईचा आवाज आला, दबका, कुणी ऐकेल म्हणून भ्यायलेला. "बाबा, मी परत जाऊ का हो?"

"अरे बंद कर!" मी किंचाळले. परीक्षितची बोटं काचेवर नुसती घसरत होती.

"जा बाळा," फोन मायेनं म्हणाला. "आपलं घर ते आपलं घर."

मग फोन बंद झाला. पण उत्तर तर गेलं होतं.

"कोण होती रे ती?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"कुठली होती?"

"माहीत नाही अक्का... नाव कुणी सांगतच नाही. मीच तशी सोय ठेवली होती."

सारिकानं तोंडावर पदर दाबला. ती कुणासाठी रडत होती ते मी विचारलं नाही. दिवाळीपासून आजपर्यंत किती जणी 'जा' ऐकून उठल्या असतील!

परीक्षितनं फोन लांब टाकला, विंचू झटकावा तसा. बाबांपुढं डोकं टेकलं आणि तो जमिनीकडं बघत हुंदके देत बोलायला लागला. "मी काय करून बसलो बाबा... त्या बाईला आता कुठं शोधू? काय करू मी? सांगा ना बाबा, काय करू?"

त्याची मान खाली होती.

बाबांनी त्याच्या हलणाऱ्या पाठीकडं पाहिलं. मग त्याच्या हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं, आणि आपली ओंजळ त्याच्यासमोर धरली.

"कळशी आडात पडलीय," ते म्हणाले. "गळ टाक."