सोपान वायरमनने अण्णांची घंटा बिनतारी केली

एका गावात, म्हणजे आमच्याच टाकळीत, एक भोळा वायरमन होता. तालुक्यात टाकळ्या सात. ही सगळ्यांत शेवटची, जिथून एसटी माघारी वळते ती. वायरमनचं नाव सोपान. माणूस गुणी, हात सफाईचा. खोड एकच. सांगितलेलं तो अक्षर न अक्षर ऐकायचा, आणि एकदा ऐकलं की जिथं तिथं तेच करायचा. खांबावर चढल्यावर कुणी "खांब सोडू नकोस रे" म्हटलं, तर हा जेवायलासुद्धा खाली यायचा नाही.

त्याचे उस्ताद रऊफभाई. गावात इलेक्ट्रिकचं दुकान एकच, ते त्यांचं. पण महिन्यापूर्वी ते शिडीवरून पडले, आणि तेव्हापासून दुकानातल्या बाकावर प्लास्टरचा पाय लांब करून बसलेले. काम करायचं सोपानने, सांगायचं रऊफभाईंनी, तेही फोनवरून. आता तुम्हीच बघा.

तर गावात यमुनाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान अण्णा, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. रिटायर झाल्यावर अण्णांना करमेना. म्हणून त्यांनी घराची दोन दारं आणि पाच खिडक्या, सगळ्यांना तारा ओढल्या आणि ओसरीत एक घंटा बसवली. कुठलंही दार उघडलं की घंटा ठणाणा ठणाणा. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. घंटा अजून खणखणीत.

पण घंटा ऐकायला घरात कुणीतरी पाहिजे ना! काकूंची एकुलती एक मंजिरी नाशिकला. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि घरात सासू नाही. काकूंना शुक्रवारच्या एसटीने निघणं भाग होतं. इकडे घराला कुलूप. आणि त्याच महिन्यात चोरांनी गुरवांचं बंद घर असं धुतलं होतं की कुकर तर नेलाच, वर शोधून शोधून त्याची शिट्टीही नेली.

जावई हुशार. त्याने एक बिनतारी यंत्र आणि नवा मोबाईल पाठवला. दार उघडलं की काकूंना नाशिकला फोनवर कळणार. काकूंची अट एकच. "अण्णांच्या तारा उपटायच्या नाहीत. त्यांची घंटाही तीच राहील. नवं काय ते जुन्याला जोडा. आणि हे चालू झालेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, सांगून ठेवते!"

बुधवारी सकाळी रऊफभाईंनी सोपानच्या हातात एक चपटा डबा ठेवला.

"हे बघ बेटा. जुन्या तारांचं बोलणं नव्या यंत्राला कळत नाही. हा डबा मधला दुभाषी. अण्णांच्या सात तारा ह्याच्यात घालायच्या. पुढं तार नाही. पुढचं तो हवेतून सांगतो."

"मराठीत सांगतो का?"

"तू फक्त जोड. आणि ऐक, कशालाही हात लावायच्या आधी मेन बंद करायचं. कशालाही!"

"कशालाही," सोपान म्हणाला.

तो काकूंकडे गेला. काकू मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होत्या. "ये रे सोपान, आधी पाणी घे," म्हणून त्यांनी तांब्या पुढं केला. सोपान उठला, मेन बंद केलं आणि मग तांब्याला हात लावला.

मिक्सर बंद पडला. आणि घंटा सुरू झाली. कारण अण्णा पक्के सिग्नलवाले. चोर आधी मेन बंद करणार हे ओळखून त्यांनी मेनच्या पेटीलाही तार लावून ठेवली होती. सगळी आळी गोळा झाली. सोपान शांतपणे पाणी प्यायला आणि त्याने रऊफभाईंना फोन लावला.

"उस्ताद, घंटा थांबत नाही. मेन तर बंद आहे."

"अरे येड्या, ती बॅटरीवर चालते! काही वाजायला लागलं की आधी त्याची बॅटरी काढावी, एवढी साधी अक्कल नाही तुला?"

सोपानने घंटेची बॅटरी काढली. शांतता झाली. मेन चालू केलं, काकू पुन्हा चटणीला लागल्या. मग त्या परसात गेल्या तोवर ओसरीतला त्यांचा जुना बटणांचा फोन वाजला. सोपानने लगेच फोन उलटा केला, झाकण उघडलं आणि बॅटरी काढली.

एवढ्यात शेजारचे दामूतात्या आले. काय गोंधळ चाललाय ते बघायला. तात्यांच्या कानात ऐकू यायचं यंत्र, आणि ते मधूनमधून शीळ घालायचं. शीळ वाजली. सोपान पुढं झाला. "तात्या, जरा मान इकडं करा," म्हणून त्याने अलगद यंत्र काढलं, त्यातली बारकी बॅटरी काढली आणि यंत्र परत कानात बसवून दिलं.

"काय म्हणालास?" तात्या ओरडले.

"काही नाही म्हणालो!"

"अं?"

हे तासभर चाललं. तिकडे नाशिकला मंजिरीचा जीव थाऱ्यावर नाही. आईचा फोन वाजता वाजता कट झाला, मग लागेचना. पोरीने रडत रडत अर्ध्या टाकळीला फोन केले. सरपंचांची बायको धावत आली तेव्हा काकूंना कळलं.

"मेल्या, माझी पोर अवघडलेली! तिला काही झालं असतं म्हणजे?" काकू कडाडल्या. सोपानने मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटलं. भोळा होता हो, दगड नव्हता.

रऊफभाईंनी फोनवरून दहा मिनिटं खरडपट्टी काढली आणि शेवटी म्हणाले, "ज्याची वस्तू त्याला विचार! मालक स्वतःच्या तोंडाने हो म्हणाल्याशिवाय बोट लावायचं नाही. समजलं?"

"समजलं."

तो समजलं म्हणाला, की पुढं काय वाढून ठेवलंय ते देवच जाणे.

गुरुवार उजाडला. सोपान आठाला हजर. काकूंनी त्याला ओसरीत सोडलं आणि त्या गिरणीत गेल्या. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायचे, त्याला गहू दळून हवे होते. तिथून त्या किराणा दुकानात गेल्या, आणि घरी यायला बारा वाजले. बघतात तर काय, पिशवीतून स्क्रू ड्रायव्हरसुद्धा निघालेला नाही. सोपान अण्णांच्या फोटोसमोर हात जोडून मांडी घालून बसलाय.

"हे काय रे?"

"विचारतोय."

"काय विचारतोयस?"

"घंटेला हात लावू का म्हणून. काल गावात ज्याला त्याला विचारलं, घंटा कुणाची? सगळे म्हणाले, अण्णांची. आठ वाजल्यापासून विचारतोय काकू, पण अण्णा अजून काही बोलले नाहीत."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन वर्षांत त्या फोटोसमोर एवढा वेळ कुणी बसलं नव्हतं. खुद्द काकूही नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्यांचा पारा चढला.

"अरे, उद्या दहाची एसटी आहे माझी! ते काही बोलायचे नाहीत. हयात असतानाही कुठं बोलायचे! घंटा आता माझी, आणि मी हो म्हणते. लाव हात!"

मालक बोलला. सोपान कामाला लागला, आणि काम म्हणाल तर झकास केलं. साती तारा सोडवल्या, टोकं घासून चकचकीत केली, डब्यात एकेक घट्ट बसवली. मेनची आठवी तार जुन्याच जागी ठेवली, घंटेची बॅटरी परत घातली. रऊफभाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच "शाब्बास" म्हणाले. वर म्हणाले, "आता ते बिनतारी झालं. आजूबाजूला अण्णांच्या जुन्या फालतू तारा लोंबत असतील, त्या काढ. ह्या आठ सोडून बाकी तार दिसता कामा नये."

झालं!

सोपानने आठ तारा मोजल्या. बाकीच्या बघायला बाहेर आला. पहिली दिसली ती कपडे वाळत घालायची. तिच्यावर काकूंनी उद्या नेसायची इरकल वाळत टाकलेली. तार निघाली, इरकल मोरीच्या चिखलात. दुसरी तार दोडक्याच्या मांडवाची. मांडव बसला. मग त्याने कुंपणावरून वाकून तात्यांच्या टीव्हीची काढली. तात्यांची ऐन रंगात आलेली मालिका तिथंच थिजली.

संध्याकाळपर्यंत काकू इरकल घासत होत्या आणि सोपान तारा परत बांधत होता.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता घरात तिघंच. काकू, सोपान, आणि फोनमधले रऊफभाई.

"आता शेवटचं," रऊफभाई म्हणाले. "यंत्र चालू कर आणि चोर होऊन बघ. चोर शिरला की घंटा वाजते का, काकूंच्या फोनवर येतं का."

सोपान परसात गेला आणि स्वयंपाकघराची खिडकी एका बोटाने ढकलली. घंटा ठणाणली. काकूंच्या हातातला नवा मोबाईल थरथरला. त्यावर लिहून आलं, 'स्वयंपाकघराची खिडकी उघडली.' काकूंनी ते तीनदा वाचलं. लहान पोरीसारखं मोठ्याने वाचलं. मग अण्णांच्या फोटोला हात लावून तो डोळ्यांना लावला.

"झालं माझं काम! बाकीच्या सहा जागा मी गेल्यावर बघ. ही किल्ली. बघून झालं की तात्यांकडे दे." आणि ओलसर इरकल नेसून, लाडवांचा डबा कडेवर घेऊन काकूंनी दहाची एसटी पकडली.

सोपानने उस्तादांना फोन केला. "उस्ताद, चोर झालो. एक खिडकी ढकलली. वाजली."

"एक बोट लावून खिडकी ढकललीस, ह्याला चोर म्हणतात? काही करशील ते अर्धवट! अरे, चोर व्हायचं तर पुरता चोर हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधेच सोडून आलास तर माझ्याशी गाठ आहे!"

"पुरता," सोपान म्हणाला.

दुपारी जेवून तो काकूंच्या दारात आला. सवयीने त्याने चपला काढल्या. मग आठवलं, चोर चपला काढत नाही. परत घातल्या. किल्ली खिशात होती, पण चोराकडे किल्ली कुठली? पहारीने कुलूप उचकटलं. घंटा ठणाणा ठणाणा. आळी धावून आली.

"काय रे सोपान?"

"तपासणी चाललीय. उस्तादांनी सांगितलंय."

"असं होय!" म्हणून दोघं-तिघं परत गेले. बाकीच्यांनी बघितलं, पोरगा एकटाच हातगाडीवर कपाट चढवतोय, घामाघूम झालाय. गाव आमचं मोठं मायाळू. त्यांनी कपाटाला हात दिला.

नाशिकला त्या वेळी काकू दवाखान्यात होत्या. त्या पोचायला आणि मंजिरीला आत न्यायला एकच गाठ पडली होती. आईचा हात घट्ट धरून पोरीने सगळं सोसलं, आणि चार वाजता नात झाली. काळ्याभोर जावळाची. काकूंनी तिला मांडीवर घेतली आणि पिशवीतला मोबाईल थरथरला. काढून बघतात तर निरोपांवर निरोप. पुढचं दार उघडलं. मागचं दार उघडलं. माजघराची खिडकी, देवघराची खिडकी. एकूण एक साती!

काकूंचा आनंद गगनात मावेना. "जावईबापू, बघा! साती वाजल्या! उगाच बोलले हो त्या पोराला." त्यांनी तिथूनच सोपानला फोन लावला.

"सोपान, नात झाली रे मला! आणि तुझे सगळे निरोप आले. घंटा नीट वाजली ना?"

"खणखणीत वाजली काकू. मग काढून नेली."

"काढून नेली? कुणी?"

"मीच. वाजणारी घंटा चोर मागे ठेवील का? आधी घंटा नेली, मग कपाट, भांडी, पलंग, देव. कुकर शिट्टीसकट नेला. आता घरात झाडूसुद्धा नाही. काही अर्धवट ठेवलं नाही बघा."

मांडीवरची नात कुरकुरली.

"अरे देवा! अरे, पण ते सगळं ठेवलंयस कुठं?"

लहान मुलाची समजूत घालावी तसा सोपान म्हणाला, "काय काकू तुम्ही पण! ते कुठला चोर सांगतो?"