शिट्टी होईपर्यंतची सवड

एकदा एक हुशार शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे मोठ्या उमेदीने आला. गुरू म्हणजे निवृत्त संगणकतज्ज्ञ. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. किनारपट्टीवरच्या हौशी मंडळींच्या साह्याने या दोघांनी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम उभा केला होता. सर्वांना मोफत, आणि कोणीही सुधारावा असा. ज्या खाडीची वेळ चुकेल, तिथल्या जाणत्याने दुरुस्ती धाडायची, ही रीत. अलीकडे मात्र दुरुस्त्या आटल्या होत्या, आणि वेळ चुकली म्हणजे होडी गाळात.

दुरुस्त्या गोळा करणारं, कोणी काय बदललं याची नोंद राखणारं साधन जुनाट झालं होतं. नवं कोणतं घ्यायचं, ते दुसऱ्या दिवशी सभेत ठरणार होतं. शिष्याच्या मनात एकच भरलं होतं: वेगवान, नेटकं, जाणकारांनी नावाजलेलं. शिवाय ते त्याला बाईंनीच शिकवलेलं. तेव्हा त्यांचा कौल आपलाच, असं तो धरून चालला होता.

बाईंनी सगळं ऐकलं. मग उठून वरणभाताचा कुकर गॅसवर चढवला आणि संगणकापुढे येऊन बसल्या.

"मी खाडीकाठच्या शाळेतली मास्तरीण. आमच्या धक्क्यावर भरती तुम्ही सांगता त्याहून उशिरा येते. तेवढा आकडा बदलायचाय. कुकरची शिट्टी होईपर्यंत मोकळी आहे. सांग."

"बाई, थट्टा करताय?"

"कोण बाई? मी तुला ओळखत नाही."

शिष्य हसला. "बरं. आधी हे साधन तुमच्या संगणकावर उतरवून घ्या."

"आमच्याकडे रेंज माडाच्या शेंड्यावर असते. घेतलं. पुढे?"

"आता ओळख पटवायला एक किल्ली तयार करा."

"का? मी काय चोरी करायला आलेय?"

"पद्धत आहे तशी!"

"असेल. ही लाल अक्षरं कसली आली?"

"त्याआधी संगणकाला एक आज्ञा द्यायची राहिली. तुम्हाला माहीत आहे की ती!"

"तुझ्या बाईंना असेल. मास्तरणीला नाही."

आता मात्र शिष्याचा पारा चढला. "अहो, एक दिवस बसून शिकलात तर जन्मभर सोपं जाईल!"

तेवढ्यात शिट्टी झाली. बाई उठल्या. "जन्मभर कोण राहणार आहे इथे? मी एका आकड्यासाठी आले होते. येते हं." आणि खरोखरच स्वयंपाकघरात निघून गेल्या.

चुकीचा आकडा पडद्यावर तसाच. ज्यांनी आपल्याला ती आज्ञा शिकवली, त्यांनीच अडाण्याचं सोंग का घ्यावं, हे शिष्याला उमगेना.

जेवताना बाई म्हणाल्या, "ते साधन मला आजही आवडतं. तू आणि मी रोज इथेच बसणार. शिकण्याचे कष्ट आपल्याला परवडतात. पण फावल्या वेळात येणारा आपलं साधन शिकायला येत नाही, स्वतःची खाडी सांगायला येतो. त्याची सवड दारातच सरली, तर खाडी सांगणार कधी? असा माणूस भांडतही नाही रे. गुपचूप परत जातो. मग आपण म्हणतो, लोकांना आस्था नाही. वा! माज आपल्या शहाणपणाचा, आणि ठपका लोकांवर!"

"म्हणजे डावं साधन निवडायचं?"

"त्यांच्या हातात बसलेलं निवडायचं. त्यात उणं पडेल तिथे आपण राबायचं. त्याकरताच तर आहोत आपण. भात घे अजून."

सभेत शिष्याने बहुतेकांच्या सवयीचं, साधंसं साधन सुचवलं. कोणीतरी डिवचलंच, "काय पंडित, तुमचं लाडकं कुठे गेलं?"

"घरी आहे," तो म्हणाला. "एकटा असतो तेव्हा काढतो."

सभा हसली. तोही हसला. शेवटी ते साधं साधनच ठरलं.

पुढे एके दुपारी कुठल्याशा खाडीवरून दुरुस्ती आली. फक्त एक आकडा. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. पाठवणारा पुन्हा कधी फिरकला नाही. शिष्याने आकडा पडताळून पाहिला, बरोबर होता. तो त्याने प्रोग्रॅममध्ये घेतला आणि समाधानाने पुढच्या कामाला लागला.

मदत हवी असेल, तर उंबरठा येणाऱ्याच्या पावलाच्या मापाने बांधावा.