आढीतले काळे खडे

फार पूर्वी, आंबे खोक्यात बसून परगावी जायला शिकले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका गावात दगडूतात्या नावाचे म्हातारे आढीवाले राहत. गावभरचे कच्चे आंबे त्यांच्या खोलीत पिकायला येत. काय वास सुटायचा तिथे! रस्त्याने जाणारा माणूस उगाचच दारात टेकायचा. आता तो वास नाही आणि टेकायला कुणाला वेळही नाही. असो.

तात्यांच्या आढीत गुळगुळीत, उतरत्या फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर आंब्यांची रांग आणि वरून पेंढ्याचं पांघरूण. रांगेतला एक आंबा काढला की त्याच्या वरचे आपोआप घरंगळत खाली येत.

तात्यांची शिकवायची रीत मात्र भारी चिवट. काम कसं करणार ते आधी साध्या बोलीत सांगायचं, मग आंब्यांऐवजी खडे मांडून करून बघायचं, आणि मगच आंब्याला हात लावायचा.

त्यांच्या हाताखाली म्हाळसा नावाची चुणचुणीत मुलगी शिकत होती. तात्या थकले होते. "पाटलांच्या लेकीच्या लग्नाचे आंबे नीट पिकव, की आढी तुझी," असं ते म्हणाले, तेव्हापासून म्हाळसाचे पाय जमिनीवर नव्हते.

"सांग बघू, नासके कसे काढशील?" तात्यांनी विचारलं.

"सोपं आहे. खालच्या जागेपासून सुरुवात. आंबा बघायचा, नासका असला तर काढायचा. मग वरची जागा. फळी संपेपर्यंत हेच."

तात्या किंचित हसले. "आता खडे मांडून बघ."

तात्या लग्नघरी गेले. खडे मांडायला मी काय लहान आहे, असं म्हणत म्हाळसा थेट आंब्यांकडे वळली. तात्यांनी परत आल्यावर विचारलं, "मांडलेस ना खडे?"

"मांडले की!" तिने ठोकून दिलं.

लग्नाच्या सकाळी पेंढा उचलला आणि आंबूस भपकारा आला. रांगाच्या रांगा नासल्या होत्या. पाटलांची पंगत आमरसाशिवाय उठली. तात्या मांडवात हात जोडून म्हणाले, "चूक माझ्या आढीची." ते ऐकून म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तात्या, मी खोटं बोलले. खडे मांडलेच नव्हते," ती रडत म्हणाली. "पण मी एकही जागा सोडली नाही हो!"

"मग आता मांड."

तिने फळीवर खडे ठेवले. तात्यांनी शेजारशेजारचे दोन खडे कोळशाने काळे केले. "हे नासके. तू सांगितलंस तसंच कर."

म्हाळसाने पहिला काळा खडा उचलला आणि मागच्या टोपलीत टाकायला वळली. तेवढ्यात दुसरा काळा खडा घरंगळून त्याच जागी आला. ही जागा झाली, असं धरून तिचा हात वर गेला आणि काळा खडा फळीवर तसाच राहिला.

"अगंबाई!" म्हाळसा थिजली. "काढल्यावर हात तिथेच ठेवायला हवा. आंबा चांगला निघाला, तरच वर जायचं!"

"नासक्याच्या शेजारचा आंबाच आधी बिघडतो, पोरी. आणि नेमका तोच तू सोडत होतीस."

तिने डोळे पुसले. "आढी दुसऱ्या कुणाला द्या, तात्या."

"दिली असती. पण तू खोटं स्वतःहून कबूल केलंस," म्हणत तात्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

पुढे तात्या गेले. म्हाळसाचे केस पांढरे झाले, तिच्याकडेही मुलं शिकायला येऊ लागली. एखादं पोर घाईने "मांडले की!" म्हणालं, की ती खुदकन हसायची. मग कोनाड्यातले ते दोन काळे खडे काढायची आणि म्हणायची, "परत मांड बाळा. या वेळी मी शेजारी बसते." तात्यांच्या आठवणीने तेवढ्यापुरता तिचा आवाज ओला व्हायचा.

तात्पर्य: पद्धत तोंडपाठ झाली म्हणजे काम आलं असं नव्हे, तिच्यातली चूक खड्यांवर सापडली, तर आंबे वाचतात.