वेल कोणी सोडली?

एका जंगलात टेकडीच्या उताराला बीळ करून एक सायाळ राहत असे. अंगाने जाड, पायांनी आखूड, आणि चालू लागली की पाठीवरचे काटे खुळखुळ वाजायचे. तिला दोन पिल्लं होती. मुलांनो, त्या जंगलात झरा एकच होता आणि त्याचा एक नियम होता. दरवर्षी थंडी सरताना तिथे लांब धाव व्हायची. झऱ्यापासून निघायचं, पलीकडच्या पठाराला वळसा घालायचा आणि सूर्य मावळायच्या आत परत येऊन झऱ्याजवळच्या दोन झाडांना बांधलेल्या वेलीखालून जायचं. जो पोचेल त्याच्या घराला उन्हाळाभर झऱ्याच्या तोंडाशी पाणी प्यायचा हक्क. बाकीच्यांनी खाली, गवे डुंबतात तिथलं गढूळ पाणी प्यायचं. झरा काय कोणाच्या वाडवडिलांनी खणला होता? पण नियम होता, आणि तो करणारे सगळे लांब पायांचे होते.

मागच्या उन्हाळ्यात ते गढूळ पाणी पिऊन सायाळीचं धाकटं पिल्लू महिनाभर निपचित पडलं होतं. ते उठून बसलं त्या दिवशीच सायाळीने ठरवलं, यंदा आपण धावायचं. सायाळींच्या सात पिढ्यांत कोणी धावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती पळसाच्या झाडापर्यंत पळाली आणि तिथेच फतकल मारून बसली. शेजारी चरणारं एक हरीण म्हणालं, "काकू, एवढा खुळखुळा वाजवत कुठे निघालात? कोणाचं बारसं आहे का?"

"तुझ्या पोराला हवा असेल तर ये जवळ, देते एक काढून," सायाळ म्हणाली. हरीण चार पावलं मागे सरलं.

धावेचा पंच होता कोल्हा. रोज सकाळी खडकावर बसून तो नवख्यांना शिकवायचा. "उपाशी पोटी पळा, अंग हलकं होतं. चढ आला की वेग वाढवा. चालणं म्हणजे हार." त्याचं स्वतःचं पोट कधी कोणी उपाशी पाहिलं नव्हतं, पण नवखा माणूस काय आणि नवखं जनावर काय, खडकावर बसलेल्याचं खरं मानतं. सायाळ चार दिवस उपाशी पळाली आणि पाचव्या दिवशी ओढ्याच्या चढावर चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तशीच उठून ती कोल्ह्याकडे गेली.

"तुमच्यात दमच नाही, सायाळबाई," कोल्हा म्हणाला.

"पंच, तुम्ही शेवटचे कधी धावलात?"

"मी शिकवतो."

"तेच विचारतेय मी."

कोल्ह्याने शेपटी झटकली आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून सायाळ आपल्या मनाने पळू लागली. आधी पोटभर कंद खायचे. सपाटीवर दुडकी चाल आणि चढावर सरळ चालायचं, त्यात लाज कसली? एक दिवस लांब जायचं, एक दिवस जवळ, आणि पाय सुजला की घरी बसायचं. तळव्यांना भेगा पडल्या, त्यांत तिने झाडाचा डिंक भरला. हळूहळू पळस मागे पडला, ओढा मागे पडला, आणि एके दिवशी पठाराला हात लावून ती दिवे लागायच्या आत घरी आली.

धावेचा दिवस उजाडला. वाघमहाराजांनी डरकाळी फोडली आणि हरणं, ससे, कोल्हेकुई करणारी सगळी टोळकी धूळ उडवत पसार झाली. मागे उरली सायाळ आणि एक म्हातारं, लंगडं तरस. वाटेत तीन ठिकाणी माकडांनी पळसाच्या द्रोणांत पाणी भरून ठेवायचं असं ठरलेलं होतं. सायाळ पहिल्या ठिकाणी पोचली तेव्हा माकडं पाणी मातीत ओतत होती आणि द्रोण गोळा करत होती.

"अरे, मी यायचेय अजून!"

"पुढचे केव्हाच गेले," एक माकड म्हणालं. "कोल्हा म्हणाला, मागून कोण येतंय, उचला. आम्हाला बक्षीस बघायला जायचंय."

काय म्हणावं याला? ज्याला सगळ्यात जास्त वेळ उन्हात राहायचंय त्याच्याच वाट्याचं पाणी मातीत. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी तर तुडवलेले द्रोण तेवढे पडलेले. सायाळीने रागाने जमीन उकरली, एक कंद वर काढला, चावून त्याचा रस गिळला आणि अर्धा मागून येणाऱ्या तरसापुढे टाकला. तरस म्हणालं, "तू हो पुढे, बाई. मी येतोच." शेवटच्या उतारावर तिच्या पंजांतून रक्त येत होतं, पण सूर्य टेकडीच्या वर चांगला हातभर होता. ती झऱ्याजवळ आली आणि थबकली. झाडं होती, वेल नव्हती. कोल्हा ती गुंडाळून काखोटीला मारत होता.

"धाव संपली, सायाळबाई. हरणं दुपारीच आली. मानपान झाला, महाराज झोपायला गेले."

"नियम सूर्य मावळेपर्यंतचा होता."

"तो धावणाऱ्यांसाठी."

"मग मी सकाळपासून काय करत होते?"

"असं बघा," कोल्हा गोड आवाजात म्हणाला, "वेल नाही, साक्षीदार नाही. तुम्ही आलात हे कोण सांगणार? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी?" सायाळ म्हणाली. "मधे एक उन्हाळा आहे."

ती त्या दोन झाडांमधून गेली, झऱ्याच्या अगदी तोंडाशी बसली आणि पाठ बाहेर करून सगळे काटे उभे केले. संध्याकाळी पाणी प्यायला जनावरं आली आणि एकेक करून लांब उभी राहिली. शेवटी वाघमहाराज आले. त्यांनी पंजा पुढे केला, काटे बघितले आणि मागे घेतला.

"बाई, तहान लागलीय."

"मलाही लागली होती, महाराज. तीन ठिकाणी पाणी ठेवायचं ठरलं होतं, तिन्ही ठिकाणी ओतून दिलं. वेल सूर्य मावळेपर्यंत ठेवायची ठरली होती. तो बघा सूर्य."

वाघाने मान वळवली. सूर्य टेकडीला नुकता टेकत होता. "वेल कोणी सोडली?" त्याने विचारलं.

"आपण उठून गेलात, महाराज, म्हणून मी..." कोल्हा पुटपुटला.

मागून तेच बारशाची थट्टा करणारं हरीण हळूच म्हणालं, "काकूंचं खरं आहे. आम्ही दुपारीच येऊन जातो, म्हणून मागे काय होतं ते कधी बघितलंच नाही."

"बांध ती वेल," वाघ कोल्ह्याला म्हणाला. "बाई, तुमचा हक्क तुम्हाला. आता उठा."

"अजून एक जण यायचाय," सायाळ म्हणाली, आणि हलली नाही.

मग सगळं जंगल, वाघासकट, कोरड्या घशाने वाटेकडे बघत उभं राहिलं. लंगडं तरस वेलीखालून आलं तेव्हा सूर्याची नखाएवढी कोर उरली होती. सायाळीने काटे मिटले, सरकून त्याला जागा दिली, त्याचं पिऊन झाल्यावर स्वतः प्याली, आणि तोंड पुसून म्हणाली, "या, महाराज. आता प्या."

तात्पर्य : जो वेळ सगळ्यांना मिळून दिलेला असतो तो शेवटच्याचाही असतो, तो कोणी आधीच गुंडाळून नेत असेल तर घरी जाऊन रडू नये, वाट अडवून बसावं आणि जाब विचारावा.