उंडबेटाचं नाणं आणि उंडीची राखण

उंडबेटाच्या धक्क्यावर उतरणाऱ्या पाहुण्यांची पहिली नजर जाते ती टेकडीवरच्या उंडीकडे. जावीच. एवढं थोरलं झाड, शेंड्याला काकणाचं, म्हणजे समुद्रगरुडाचं, घरटं. फोटो काढायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. पण गावात काही सत्कारसमारंभ असला, तर त्या उंडीला पाठ लावून एक बाई बसलेली दिसेल. मांडीवर कोयता. तिच्याशी गप्पा मारायला जाऊ नका. ती तुमच्याशी भांडायला बसलेली नाही, पण भांडणाची तयारी ठेवून बसलेली आहे. तिने गोड बोलावं अशी गावाचीही अपेक्षा नाही.

ही राखण कशी सुरू झाली, ते असं सांगतात.

बेटाभोवती खडपांचा, म्हणजे समुद्रातल्या खडकांचा, वेढा आहे, अर्धी पाण्यावर, अर्धी पाण्याखाली. त्यातून होडीला आत यायची वाट एकच. टेकडीवरची उंडी नाळेसमोर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, धरायची आणि सरळ यायचं. जुन्या उंडबेटकरांचा त्या झाडावर इतका विश्वास, की म्हणे स्वतःच्या डोळ्यांवर नसेल. वारा फसवेल, पाणी फसवेल, उंडी फसवणार नाही, असं त्यांना वाटे. हा विश्वासच त्यांना नडला.

समोरच्या किनाऱ्यावर तेव्हा एक अंमलदार होता. त्याचं नाव बेटावर घेत नाहीत, म्हणून इथेही नको. त्याला गलबतं बांधायची होती आणि उंडीच्या सरळसोट खोडावर त्याचा डोळा होता. उघड मागितलं असतं तर बेटकरांनी त्याला खडपांवर नेऊन सोडलं असतं. तेव्हा त्याने कौतुकाचा मार्ग धरला. असल्या माणसांना तो मार्ग बरोबर सापडतो.

एके दिवशी त्याची माणसं बेटावर आली. उंडबेटाच्या गौरवाचं चांदीचं नाणं पाडायचं आहे, म्हणाली, त्यावर तुमची उंडी आणि तुमचा काकण. बेट हुरळून गेलं. पाहुण्यांना शहाळी काय, तळलेली मासळी काय! त्यांना मिरवत टेकडीवर नेलं. त्यांनी झाड खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि जाता जाता बुंध्याभोवती दोरी गुंडाळली, घेर भरला तिथे दोरीला गाठ मारली आणि ती सोडवून बरोबर नेली.

ती गाठ आवडीने पाहिली. आवडी ही गावच्या होड्या हाकारणाऱ्या धाकू तांडेलाची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. उंडीच्या बियांचं तेल काढून ती देवळाचा दिवा चालवी. आईबाप गेल्यावर धाकूला तिनेच वाढवलं होतं, आणि जगात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. जिभेने तिखट होती. खरं सांगायचं तर कुणाला फारशी आवडत नसे.

"चित्र काढूक बुंध्याक दोरी कित्याक लागता रे?" तिने धाकूला विचारलं.

"बाय, तुका सगळ्यात खोटच दिसता," धाकू हसून म्हणाला.

पुढे नाणं तयार झालं आणि अंमलदाराच्या गढीवरून बोलावणं आलं. उंडबेटाची रीत अशी, की मान एकट्याने घ्यायचा नाही. मान गावाचा, तेव्हा घ्यायला गाव जाणार, तान्ह्या मुलांसकट. अंमलदाराला ही रीत पक्की ठाऊक होती. होड्या सजल्या, बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली. आवडी मात्र दारातून हलेना.

"चल गो बाय," धाकू काकुळतीला आला. "एक माणूस मागे रवला तरी मान अपुरो पडता."

"पडांदे अपुरो. माका झाड पुरा."

धाकू रागाने निघून गेला. बहीणभावाचं शेवटचं बोलणं ते. आवडीला पुढे जन्मभर तेच टोचत राहिलं.

होड्या दिसेनाशा झाल्या, तशी भरतीच्या पाण्यावर सपाट तराफ्यांनी खडपांवरून सरकत, बेटाच्या मागच्या अंगाने कुऱ्हाडी घेतलेली माणसं चढून आली. आवडी धावत टेकडीवर गेली ती रिकाम्या हाताने. तिने बुंध्याला मिठी मारली. तिला ओढून काढलं, तिने चावे घेतले, शिव्या घातल्या, शेवटी त्यांनी तिला दगडाशी बांधून घातलं. तिच्या डोळ्यांदेखत घाव पडत होते. उंडी आडवी झाली, घरट्यातली पिल्लं दगडांवर आपटली, आणि काकणाची जोडी डोक्यावर ओरडत फिरत राहिली. त्या लोकांनी खोड घसरवत पाण्यात नेलं. जाताना त्यांनी तिला सोडलंही नाही.

दगडाच्या धारेवर दोरी घासून ती सुटली, तेव्हा दिवस कलायला आला होता. होड्या परत येत होत्या. पुढची धाकूची. खडपांपाशी येऊन ती घुटमळली. धाकूला टेकडी दिसत होती, देऊळ दिसत होतं, पण उंडी नव्हती. दुसऱ्या गावचा तांडेल म्हणाला असता, झाड पडलं. उंडबेटचा कसा म्हणेल? त्याच्या मागच्या होडीने ऐकलेले त्याचे शब्द आजही गावात सांगतात.

"उंडी नाय, म्हणजे ह्या आपला बेट न्हय. आपण चुकलंव."

आणि स्वतःच्या घरासमोरून त्याने होडी वळवली. ती सरळ खडपांवर गेली.

आवडीने ते वरून पाहिलं. रडायला सवड नव्हती, मागे सगळं गाव येत होतं. तिने देवळातलं तेल आणून उंडीच्या ढलप्यांवर ओतलं आणि पेटवलं. ओल्या लाकडाचा काळा धूर, जिथे झाड होतं तिथेच, झाडासारखा उभा राहिला. बाकीच्या होड्या त्या धुरावर नाळ धरून आत आल्या. धाकू दुसऱ्या दिवशी लाटांनी आणून टाकला. त्याच्या कमरेच्या पिशवीत ते नाणं होतं.

गावच्याच माणसाने रीत म्हणून त्याची होडी खडपांतून आत आणून दिली, आणि अंमलदार दुखवट्याला आला. असली माणसं दुखवट्यालाही येतात. तांडेल चुकला, फार वाईट झालं, म्हणाला.

आवडीने ते नाणं त्याच्यासमोर धरलं. "तांडेल चुकाक नाय. ह्या बग, झाड हय आसा. टेकडेर नाय. आता ह्याच झाड धरून तुझी होडी आमच्या खडपातसून भायर काढ."

तिने नाणं त्याच्या हातात कोंबलं. गावातला एकही माणूस त्याच्या सुकाणूला हात लावायला उठला नाही. पुढे त्याच्या होडीचं काय झालं ते कुणी काही सांगतं, कुणी काही. ती किनाऱ्याला लागली असं मात्र कुणी सांगत नाही.

आवडीने पडलेल्या उंडीच्या बिया वेचून त्याच जागी रुजवल्या आणि गावाला शपथ घातली. यापुढे कुणी कौतुक करायला आलं, की गावाने खुशाल जावं, पण गावातली एक बाई झाडाखाली बसेल, आणि रिकाम्या हाताने बसणार नाही.

मध्यंतरी सरकारने उंडबेटाच्या गौरवाचं नवं नाणं काढलं. एका बाजूला उंडी, एका बाजूला काकण, फार सुबक. धक्क्यावर मांडव पडला, भाषणं झाली. आता ही उंडी अमर झाली, असं एक साहेब म्हणाले, तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता सगळ्या गावाने माना वळवून टेकडीकडे पाहिलं. साहेबांना वाटलं, झाडाचं प्रेम.

समारंभानंतर कुणीतरी ते नाणं वर राखणीला बसलेल्या बाईला नेऊन दाखवलं. तिने ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बरा काढल्यानी हा," ती म्हणाली. मग उठून बुंध्याभोवती एक फेरी मारली, सालीवरून हात फिरवला आणि आजही उंडबेटावर प्रत्येक कौतुकाला विचारतात तेच विचारलं, "माप घेवक दोरी कोणी गुंडाळल्यान?"