न्यायाधीशाची झोप

राजे दूर असत आणि न्यायनिवाडा गावातच होई, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका नगरात एक न्यायाधीश होता. कायदा त्याला तोंडपाठ होता आणि लाच त्याने कधी घेतली नव्हती. पण त्याला झोप येत नसे.

रात्र तळमळत काढायची आणि सकाळी लाल डोळ्यांनी न्यायासनावर बसायचं, असं वर्षभर चाललं. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पगडी सैल बसली की नोकराला शिव्या. फिर्यादी अडखळला की त्याला वाटे, हा मुद्दाम माझा वेळ खातो आहे. जिथे कानउघाडणी पुरली असती, तिथे तो फटके सांगे.

त्याच्या घरामागे एक कोष्टी राहत असे. एका सकाळी न्यायाधीशाने त्याला समोर उभं केलं.

"तुझ्या मागाच्या खटखटीने माझी झोप उडाली. आजच्या आज नगर सोड!"

"सरकार, दिवेलागणीला मी माग बंद करतो," कोष्टी म्हणाला.

"मला शिकवतोस? चल, नीघ!"

शिपायांनी कोष्ट्याला भर बाजारातून वेशीबाहेर नेलं. खटखट थांबली, पण झोप आली नाही. न्यायाधीश आणखीच भडकला, कारण ज्याच्यावर खापर फोडायचं तो माणूसच आता जवळ नव्हता.

वैद्यांनी हात टेकले. मग कुणीतरी एका म्हातारीचं नाव सुचवलं. आजाऱ्यांना आणि किरकिऱ्या बाळांना तिच्या हाताने झोप लागते, असं लोक म्हणत.

म्हातारी संध्याकाळी आली. ती कोण, कुठली, हे न्यायाधीशाने विचारलंही नाही. तिने न्यायाधीशाला दिवस मावळायच्या आत मऊ भात खायला लावला. खटल्यांचे कागद खोलीबाहेर ठेवायला लावले. त्याचे पाय ऊन पाण्यात बुडवले, काशाच्या वाटीने तळव्यांना तेल चोळलं. मग म्हणाली, "आता गुडघ्यांवर बसा. सावकाश वाका, कपाळ चटईला टेकवा. जमेल तेवढंच. नंतर डोळे मिटून, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडा."

दोन संध्याकाळी न्यायाधीशाने दात-ओठ खात ते केलं. झोप आली नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने तेलाची वाटी भिंतीवर भिरकावली.

"सारं नगर माझ्यापुढे थरथरतं, आणि मी भुंग्यासारखा गुणगुणू? थट्टा करतेस माझी?"

म्हातारी ताडकन उठली.

"फेका! अजून काय हाताशी आहे तेही फेका! झोप काय तुमचा शिपाई आहे, हुकूम सोडला की हजर व्हायला? ज्या कोष्ट्याला तुम्ही चोरासारखं बाजारातून फिरवलंत, तो माझा मुलगा."

न्यायाधीशाने विचारलं, "मग तू आलीसच कशाला?"

"तुमची कीव आली म्हणून नाही आले. तुम्ही असेच जागत राहिलात, तर उद्या आणखी कुणाचं तरी लेकरू देशोधडीला लावाल, म्हणून आले. पाय इकडे करा."

त्याने मुकाट्याने पाय पुढे केला. त्या संध्याकाळी वाकताना त्याला प्रथमच कळलं की आपला जबडा दिवसभर आवळलेला असतो. पाचव्या संध्याकाळी श्वास सोडता सोडता त्याचा डोळा लागला, तो थेट सूर्योदयालाच उघडला.

डोकं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ डोक्यात पहिला आला तो कोष्ट्याचा चेहरा. न्यायाधीशाच्या अंगाची लाही लाही झाली. या वेळी राग स्वतःवर होता. त्याने घोड्यावर खोगीर चढवलं आणि म्हातारीला ठिकाण विचारून दुसऱ्या मुलखात कोष्ट्याचं बिऱ्हाड शोधून काढलं.

"माझा निवाडा चुकला. शिक्षा मागे घेतो. घरी चल."

कोष्ट्याने मान वर केली नाही. "शिक्षा मागे घ्याल, सरकार. बाजारातल्या त्या हजार नजरा कशा मागे घ्याल? मी त्या नगरात पाऊल ठेवणार नाही. माझ्या आईला तेवढं इकडे पाठवून द्या."

न्यायाधीश खालमानेने परतला. म्हातारीने गाठोडं बांधलं.

"माय, मला क्षमा करा," तो म्हणाला.

"ते मला अजून जमत नाही," ती म्हणाली, आणि चालू लागली.

त्यानंतर न्यायाधीश रोज संध्याकाळी न चुकता चटईवर बसे, आणि ज्या रात्री झोप झाली नसेल तिच्या दुसऱ्या दिवशी कुणाचाही निवाडा करत नसे. मागचं कोष्ट्याचं घर मात्र ओस पडलं ते पडलंच.

लहानथोरांनो, एवढं गाठीशी बांधा : ज्याला स्वतःची संध्याकाळ शांत करता येत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचं आयुष्य देऊ नये.