शरदाचा शेला आणि डावा टाका

एका राज्यात ऋतू पाचच होते. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी थंडी. मधला शरद कुठे गेला म्हणाल, तर तो एका शेल्यात होता, आणि तो शेला सुईसुळक्यावर कौशेया नावाच्या जादूगारणीच्या गुहेत होता. राज्यात झेंडू फुलत नसे, शेवंती उमलत नसे, पारिजातकाचा सडा पडत नसे. लोक दसऱ्याला रंगीत कागदाची तोरणे लावीत आणि पाहुणा आला तर त्याची नजर चुकवीत.

हे सारे झाले राजा माणिकसेनाच्या एका सकाळमुळे. कौशेयेने वर्षभर खपून शरदाच्या फुलांचा शेला भरला आणि स्वतः डोंगर उतरून राजाला आणून दिला. राजा निघाला होता शिकारीला. त्याने शेला खांद्यावर टाकला, घोड्यावर मांड ठोकली आणि चकार शब्द न काढता निघून गेला. घाई होती म्हणे. राजांना कसली घाई असते, देव जाणे! कौशेयेने तीन बोटे उचलली. शेला राजाच्या खांद्यावरून उडून तिच्या हाती आला आणि येताना राज्यातला शरदही घेऊन आला. जी माणसे शरदात जन्मली होती त्यांचा जन्माचा ऋतूच उरला नाही, म्हणून ती होती तिथे निजली. ती जागी होत नव्हती आणि मोठीही होत नव्हती.

पुढे राजाला चूक उमगली. त्याने गाड्या भरभरून नजराणे पाठवले; ते आल्या वाटेने परत आले. मग दरबारच्या कवीने आभाराचे शंभर श्लोक रचले. ते मात्र कौशेयेने ठेवून घेतले, कारण दोरे गुंडाळायला तिला कागद हवाच होता. तिने उलट निरोप धाडला: "शेल्यावरची फुले एकेक करून विरत आहेत. शेवटचे विरले की निजलेले कायमचे निजले. शरद हवा असेल त्याने माझ्यासमोर बसून तीन फुले भरावीत. चुकेल त्याचे रीळ होईल." तीन वर्षांत तीन नामांकित कारागिरिणी गेल्या. एकही परत आली नाही.

राजाच्या पोशाखखान्यात मथुरा नावाची बाई भरतकाम करी. तिची मुलगी जाई कोजागरीची जन्मलेली. पाच वर्षांची पोर अंगणात खेळता खेळता निजली ती निजलीच. मथुरा रोज तिचे केस विंचरी, तिची कूस पालटी आणि कामाला निघे. हिला रडायलाही येत नाही, असे शेजारणी म्हणत. त्यांना काय ठाऊक! सुईत दोरा ओवताना डोळे बारीक केले तर कुणी काही विचारत नाही, म्हणून ती तेवढ्यात रडून घेई.

तिच्या खिडकीत एक शिंपी पक्षी येत असे. पाने शिवून घरटे करणारा, चिमूटभर अंगाचा. एके दिवशी, पाऊस सरत आला असता, तो म्हणाला, "मथुरा, शेल्यावर एकच शेवंती उरली आहे. थंडी पडण्याआधी तीही विरेल."

मथुरेच्या हातातली सुई थांबली. "तुला कसे कळले?"

"मी दोरा शोधत कुठेही जातो. सुळक्यावर जायची वाट दाखवू?"

"माझ्यासाठी एवढा त्रास का घेतोस?"

"तीन पावसाळे तू खिडकीत दोऱ्यांची टोके ठेवलीस. माझी पिल्ले त्या टोकांनी शिवलेल्या पानांत वाढली. आभार मानायला माझ्याकडे वाटेखेरीज काही नाही."

मथुरेने जाईला शेजारणीच्या स्वाधीन केले, सुयांची डबी कमरेला खोचली आणि पक्ष्यामागून निघाली. भीती वाटत होती का? वाटत होती. पण ती चालत राहिली.

गुहेत शिरताच तिचे डोळे दिपले. भिंतींत रत्ने जडवली होती आणि त्यांच्या उजेडात हजारो रिळे झळकत होती. एका फळीवर तीन रिळे वेगळी मांडली होती. एक हिरवे, एक जांभळे, एक काळे. मथुरेने ती ओळखली आणि मान खाली घातली. समोर कौशेया बसली होती, तीनशे वर्षांची, पाठीचा कणा ताठ.

"झेंडू भर," ती म्हणाली. आभाळाचे नाही, पाण्याचे नाही, सरळ कामाचे बोलली. तिने एक स्फटिकाची पेटी पुढे ठेवली. आत चोरलेल्या ऋतूतली एक मधमाशी होती. "ही खऱ्या फुलाखेरीज कशावर बसत नाही."

मथुरेने केशरी, शेंदरी, पिवळी अशी ओंजळभर रिळे उचलली आणि ती थेट गुहेच्या दाराकडे चालू लागली.

"इथे उजेड कमी आहे काय?"

"उजेड पुष्कळ आहे, मायबाई. पण तो रत्नांचा आहे. झेंडू उन्हात फुलतो."

तिची गुरू बयोआक्का, जी आता हयात नव्हती, नेहमी सांगे की दोरा दारात पाहावा, नाहीतर घरात घेतलेला रंग अंगणात दगा देतो. तसेच झाले. आत जो केशरी लखलखत होता तो उन्हात नुसता विटकरी निघाला. जो पिवळा आत फिका वाटला तोच हळदीचा खरा रंग. आधीच्या तिघी कुठे फसल्या ते मथुरेला कळले आणि तिचा जीव कळवळला. तिने बाहेरच्या पाकळ्यांना शेंदरी घेतला, आतल्यांना केशरी, मधोमध हळदी. आणि प्रत्येक पाकळीच्या मुळाशी काताच्या रंगाचा एकच पदर, कारण त्या सावलीवाचून झेंडू भडक दिसतो पण भरलेला दिसत नाही. मग साखळी टाक्याची बारीक बारीक वेढणी बाहेरून आत घेत गेली.

पेटी उघडली. मधमाशी भिरभिरली आणि झेंडूवर बसली. पाय पिवळे करून उठली.

"पारिजातक भर," कौशेया म्हणाली.

फूल पांढरे, दांडा केशरी. पोरीही हसून भरतील, असे वाटेल. पण पांढरे किती! फळीवर चुन्याचा पांढरा होता, दुधाचा, कवडीचा, तांदळाचा. मथुरेने चारही पुन्हा दारात नेले. चुन्याचा डोळ्यात खुपला, दुधाचा निळसर वाटला, कवडीचा चकाकला. तांदळाचा तेवढा दवात भिजल्यासारखा मऊ दिसला. तिने सहा पदरी दोऱ्याचा एकच पदर सोडवून घेतला आणि भरीव टाक्याने पाकळ्या भरल्या, प्रत्येक पाकळी जराशी मुरडलेली. दांडा केशरी टीप घालून उठवला. आता मागे गाठ मारायची, की फूल पुरे.

वीस वर्षे तिचा हात गाठीकडे आपसूक वळे. तसाच वळला, आणि अर्ध्यात थबकला. पारिजातक कधी फांदी घट्ट धरून बसतो काय? गाठ मारली तर ते दुसरेच फूल होणार. पण गाठ न मारता दिलेले काम म्हणजे कारागिराची नाचक्की. बयोआक्काने अशा कामावरून पोरींचे कान उपटले होते. मथुरेने मनात आक्काची क्षमा मागितली, दोरा तसाच मोकळा सोडला आणि कापड पुढे केले.

कौशेयेने त्यावर हळूच फुंकर घातली. फूल कापडावरून सुटले आणि तिच्या मांडीवर पडले. गुहाभर वास सुटला. जादूगारणीने ते उचलले नाही, पण झटकलेही नाही.

"शेवंती," ती म्हणाली. "तिसरे फूल शेल्यावरच्या फुलासारखे हवे. पाहून घे आणि दोरा निवड."

तिने शेला पसरला. सारे कापड कोरे झाले होते. एका कोपऱ्यात एकच शेवंती, तिच्याही पाकळ्यांची टोके विरू लागलेली. मथुरेच्या डोळ्यांपुढे जाई उभी राहिली. घाईघाईने रंग ताडायला हवा होता. पण पोशाखखान्यातली रीतच अशी, की कुणाचेही काम हाती आले की आधी उलटे करून पाहायचे. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी, उलट बाजू कारागिरासाठी. तिच्या हातांनी विचार न करता शेला उलटा केला.

आणि ती सारे विसरली.

मागे एक लोंबता दोरा नव्हता, एक उंचवटा नव्हता. मात्र शेवंतीभोवती सुईची बारीक छिद्रे दिसत होती, ओळीवर ओळ. मथुरेने ती बोटाने मोजली.

"मायबाई, ही शेवंती तुम्ही सात वेळा उसवलीत!"

कौशेयेने शेल्याची कड बोटांत धरली.

"आणि टाके सारे डावीकडे कललेले आहेत." मथुरेने टाक्यांवरून बोट फिरवले. "आमची बयोआक्का उजव्या हाताची होती, तरी आम्हाला असाच डावा टाका शिकवी. कारण विचारले तर म्हणे, माझ्या आजीला डोंगरावरच्या एका बाईने असाच शिकवला. आम्ही तो बदलत नाही. आमच्या सगळ्या पोशाखखान्याची ओळखच हा टाका."

कौशेयेने हात पुढे केला. डावा. त्याच्या तर्जनीवर सुईच्या टोचण्यांनी घट्टा पडला होता.

तेव्हा मथुरा रीळ व्हायची भीती विसरली आणि तिने तो हात दोन्ही हातांत धरला. "नवरा गेला तेव्हा याच टाक्याने माझी चूल पेटती ठेवली. माझी पोर याच टाक्यावर वाढली. मी बयोआक्काचे उपकार मानत आले, आणि तुमचे मानायचे राहूनच गेले. मायबाई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

तीनशे वर्षांच्या बाईचा ताठ कणा वाकला. ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. "सातव्यांदा उसवली तेव्हा वाटले होते," ती म्हणाली, "की कुणाला तरी दिसेल."

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "तिसरे फूल राहिले आहे. दोरा निवड."

"आता तुम्ही निवडा. टाका मी घालते."

मग कौशेया उठली. तिने पिकल्या लिंबाचा पिवळा काढला आणि त्यासोबत तांबूस गुलाबी दोऱ्याचा एक पदर. "टोकांना हा घाल. शेवंती उतरू लागली की टोकाकडून लाजते. लोक तेवढे विसरतात." दोघी शेला घेऊन दारात उन्हाला बसल्या. एक दोरा ओवून देई, दुसरी लांब लांब टाक्यांनी पाकळ्या भरी, आणि मध्ये गाठी टाक्यांचा दाट गोंडा. शेवटची गाठ बसली आणि शेल्यातून वारा सुटला.

कोवळे ऊन त्या वाऱ्याबरोबर डोंगर उतरत गेले. फळीवरची तीन रिळे टणकन खाली पडली आणि तिथे तीन कारागिरिणी उभ्या राहिल्या. हिरव्या लुगड्यातली पहिली शिंकली आणि म्हणाली, "अगं बाई, किती धूळ ही!" शिंपी पक्ष्याला हसू आवरेना.

चौघी कौशेयेच्या पाया पडून उतरू लागल्या. बांधाबांधावर झेंडू फुलत होता. पायथ्याशी राजा माणिकसेन धावत आला होता.

"मथुराबाई, तुमचे उपकार मी..."

"माझे मागाहून, महाराज. आधी वर जा. घोडा इथेच ठेवा."

"तिथे जाऊन काय बोलू?"

"शेला हातात घ्या आणि उलटा करून नीट बघा. मग सुचेल."

राजा चढाला लागला. तो संध्याकाळपर्यंत वर होता आणि परतला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. पुढे दरवर्षी तो पायी त्या डोंगरावर जाई.

मथुरा घरी पोचली तेव्हा गल्लीत गलका चालला होता. घराघरांतून माणसे डोळे चोळत बाहेर येत होती आणि त्यांची माणसे त्यांना मिठ्या मारत होती. जाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"आई, तुझे केस पांढरे कधी झाले गं?"

"तू निजली होतीस तेव्हा."

"मी खूप निजले?"

"जरा जास्तच निजलीस, बाळे."

एवढे बोलून मथुरेने तिला पोटाशी धरले, आणि या खेपेला डोळे बारीक केले नाहीत. चारचौघांत मोकळेपणी रडली. रडता रडता तिने पक्ष्याचे आभार मानले, बयोआक्काचे मानले, डोंगरावरच्या मायबाईचे मानले, शेजारणीचे मानले, आणि कुणी राहिले असेल म्हणून उन्हाचेही मानले. जसे तिच्या दारी उजाडले तसे ऐकणाऱ्यांच्या दारी उजाडो. निजलेली माणसे हसत उठोत, आणि उठताच त्यांना त्यांची आई दिसो.